अठरावी सही

५२ ला ३ नं भागलं की १७.३३ येतात. आमदार पूर्णांकात मोजावे लागतात, म्हणून १८. डिसेंबर १९९१ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या काळात छगन भुजबळ शिवसेनेतून बाहेर पडले, तेव्हाची सगळी धावपळ या एका आकड्यासाठी होती. १९९० च्या निवडणुकीत सेनेचे ५२ आमदार निवडून आले होते. विधिमंडळ पक्षातले एक तृतीयांश सदस्य वेगळे झाले तर ती ‘फूट’ आणि फुटीला अपात्रता नाही, असं तेव्हाचा कायदा सांगत होता. सतराच सह्या झाल्या असत्या तर सतराही जणांची आमदारकी गेली असती. अठरावी पडली की अठराही जण सुखरूप.

पक्षांतराबद्दल एवढं लिहिलं-बोललं जातं, पण या शेवटच्या सहीकडे फारसं कुणी बघत नाही. जो पहिला बाहेर पडतो त्याचं नाव होतं, शिव्याही त्यालाच बसतात. दुसऱ्यापासून दहाव्यापर्यंतचे त्याच्या जवळचे, नाहीतर त्याच्याइतकेच दुखावलेले. खरी घासाघीस सुरू होते ती पंधराव्या-सोळाव्यापासून. अठराव्याला तर पुरतं ठाऊक असतं की आपण नाही म्हटलं तर उरलेले सतरा घरी बसतील. एकोणिसाव्याला मात्र तो भाव मिळत नाही. त्यानं आलं तरी बरं, नाही आलं तरी चालेल.

त्या पत्रावरच्या काही जणांनी मागाहून पाय मागे घेतला, तरी अध्यक्ष मधुकरराव चौधरी यांनी फूट मान्य केली. भुजबळ काँग्रेसवासी झाले, मंत्री झाले आणि १९९५ मध्ये त्याच माझगावात बाळा नांदगावकरांकडून पडले. १९८५ साली मशाल चिन्हावर निवडून येऊन ते विधानसभेत सेनेचे एकटे आमदार होते. मुंबईचे महापौर दोनदा झाले होते. माझगावातली गल्लीन् गल्ली त्यांची, असा समज होता. गल्ली शाखेची होती, हे निकालानं दाखवलं. पुढे विधान परिषदेतलं विरोधी पक्षनेतेपद, १९९९ मध्ये राष्ट्रवादी आणि उपमुख्यमंत्रिपद, आणि २००४ पासून येवला. विधानसभेत लोकांमधून पुन्हा निवडून यायला त्यांना मुंबई सोडून नाशिक जिल्हा गाठावा लागला. तिथे मात्र ते २०२४ पर्यंत सलग पाचदा निवडून आले, मधल्या काळात २०२३ ला अजित पवारांसोबत जाऊनही.

महाराष्ट्रात आमदाराला पक्ष बदलायचे मार्ग एकूण तीन. पहिला भुजबळांचा, जो आता बंद आहे. दुसरा नारायण राण्यांचा. तिसरा २०२२ मध्ये एकनाथ शिंद्यांनी रुळवला. माझ्या मते आमदारांची नीती या तीस वर्षांत फारशी चढली-उतरली नाही. कायद्यातली वाट बदलली तसे पाय वळले, इतकंच.

कायदा म्हणजे राज्यघटनेचं दहावं परिशिष्ट. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीनं ते आलं आणि त्या वर्षी १ मार्चपासून लागू झालं. त्याची कारणं १९६७ मधली. हरियाणात गया लाल नावाच्या आमदारानं पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि ‘आयाराम-गयाराम’ हा शब्द देशाला मिळाला. यशवंतराव चव्हाणांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं तेव्हाची आकडेवारी तपासली तर सात राज्यांतल्या २१० फुटीर आमदारांपैकी ११६ जण मंत्री झालेले आढळले. निम्म्याहून जास्त. रोग काय आणि औषध कुठे लावायचं, हे त्या एका आकड्यात दिसत होतं, पण मंत्रिपदावरचं औषध यायला २००३ साल उजाडलं.

दहाव्या परिशिष्टानुसार आमदारकी जाते ती मुख्यतः दोन कारणांनी. स्वतःहून पक्षाचं सदस्यत्व सोडलं, किंवा सभागृहात पक्षादेशाविरुद्ध मत दिलं अथवा मतदानाला गैरहजर राहिला. दुसऱ्या कारणात एक सवलत आहे: पक्षानं पंधरा दिवसांत माफ केलं तर प्रकरण मिटतं. अपक्ष आमदार निवडून आल्यावर कुठल्याही पक्षात शिरला तर त्याचीही जाते, म्हणून अपक्ष नेहमी ‘सहयोगी सदस्य’ असतात. पाठिंबा देतात, मंत्रीसुद्धा होतात, गळ्यात उपरणं मात्र घालत नाहीत.

‘स्वतःहून सोडणं’ म्हणजे राजीनाम्याचा कागद देणंच असं नाही. गोव्याच्या रवी नाईक खटल्यात १९९४ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की माणसाच्या वागण्यावरूनही तसा निष्कर्ष काढता येतो. त्यामुळे दुसऱ्या पक्षाच्या व्यासपीठावर बसलेला आमदार भाषणात ‘मी अजून माझ्याच पक्षात आहे’ हे वाक्य आवर्जून का टाकतो, ते कळतं. मुलगा दुसऱ्या पक्षात जातो, बायको जाते, पुतण्या जातो, स्वागताच्या फलकावर आमदाराचा फोटोही असतो, प्रवेशाचा हार मात्र त्याच्या गळ्यात पडत नाही. २०१९ च्या मार्चमध्ये डॉ. सुजय विखे भाजपमध्ये गेले तेव्हा वडील राधाकृष्ण विखे पाटील विधानसभेत काँग्रेसचे विरोधी पक्षनेते होते. त्यांनी आमदारकीचा राजीनामा दिला तो जूनमध्ये आणि १६ जूनला मंत्रिपदाची शपथ घेतली.

पक्षादेशाचं प्रकरण तर वाटतं त्याहून बारीक आहे. एक तर तो सभागृहातल्या मतदानापुरताच बांधतो. पक्षाच्या बैठकीला या, असा आदेश काढला आणि आमदार आला नाही, तर तेवढ्यानं मतदानाचं कलम लागत नाही. राज्यसभेच्या निवडणुकीतल्या मतालाही दहावं परिशिष्ट लागत नाही. तिथे मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते, एवढाच धाक. विधान परिषदेसाठी आमदार मत देतात ते तर पूर्ण गुप्त. म्हणून कुठल्याही मोठ्या फुटीचा पहिला सुगावा परिषदेच्या निकालात लागतो. २० जून २०२२ ला काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पडले, भाजपचा पाचवा उमेदवार आला आणि त्याच रात्री शिंदे गटाच्या गाड्या सुरतच्या रस्त्याला लागल्या होत्या.

शिवाय आदेश बजावल्याचा पुरावा लागतो. आमदार निवासातल्या खोलीच्या दारावर कागद चिकटवला, त्याचा फोटो काढला, मेल केला, व्हॉट्सॲपवर पाठवला: हे सगळं का करतात, तर पुढे सुनावणीत ‘मला मिळालाच नाही’ हे उत्तर ठरलेलं असतं. ज्याला घाईत काम उरकायची सवय आहे अशा प्रतोदाच्या, म्हणजे पक्षादेश बजावणाऱ्या आमदाराच्या, हातून पक्षाची अर्धी केस तिथेच जाते.

याचिका जाते विधानसभा अध्यक्षांकडे. महाराष्ट्राचे यासाठीचे नियम १९८६ चे आहेत. निवडून आल्यावर प्रत्येक आमदारानं आपण कुठल्या पक्षाचे, हे ठरावीक नमुन्यात लिहून द्यायचं असतं आणि गटनेत्यानं आपल्या सदस्यांची यादी. अपात्रतेची याचिका दिवाणी दाव्यासारखी पडताळणी करून, जोडलेल्या प्रत्येक कागदावर सही करून द्यावी लागते. म्हणणं मांडायला आमदाराला सात दिवस. २०२२ मध्ये उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी शिंदे गटाच्या सोळा आमदारांना दोनच दिवस दिले, सर्वोच्च न्यायालयानं मुदत १२ जुलैपर्यंत वाढवली आणि त्या पंधरा दिवसांत सरकार गेलं. झिरवाळांसमोर हा विषय आला तोच मुळी अध्यक्षपद रिकामं होतं म्हणून. नाना पटोले यांनी ४ फेब्रुवारी २०२१ ला राजीनामा दिला आणि सत्तेत असलेल्या तीन पक्षांनी ती खुर्ची सतरा महिने भरलीच नाही. त्या सरकारच्या पतनाची पुष्कळ कारणं सांगितली जातात. मी ही रिकामी खुर्ची बरीच वर ठेवीन.

अध्यक्षांनी निर्णय किती दिवसांत द्यायचा, यावर परिशिष्ट गप्प आहे. १९९२ च्या किहोटो होलोहन निकालानं अध्यक्षांचा निर्णय न्यायालयात तपासता येईल असं ठरवलं, पण निर्णयच झाला नाही तर तपासणार काय? उत्तर प्रदेशात बसपच्या ९८ आमदारांपैकी १३ जण २७ ऑगस्ट २००३ ला राज्यपालांना भेटून मुलायमसिंहांच्या बाजूला गेले. तिथे एक तृतीयांश म्हणजे ३३. मागाहून आणखी माणसं जमवून ३७ जणांची फूट दाखवली गेली आणि अध्यक्षांनी ती मान्यही केली. सर्वोच्च न्यायालय म्हणालं की गुन्हा घडला तो पहिल्या दिवशी, थेंबाथेंबानं तळं साचवता येणार नाही. तेरा जण अपात्र. निकालाची तारीख १४ फेब्रुवारी २००७, विधानसभेची मुदत संपायला जेमतेम काही महिने. पुढे मणिपूरच्या प्रकरणात २०२० साली तीन महिन्यांची अपेक्षा सांगितली गेली, तेलंगणच्या प्रकरणात जुलै २०२५ मध्ये पुन्हा तीन महिने. महाराष्ट्रात जून-जुलै २०२२ च्या याचिकांवर अध्यक्ष राहुल नार्वेकरांचा निर्णय आला १० जानेवारी २०२४ ला, तोही न्यायालयानं तारीख बांधून दिल्यावर. ज्या आमदाराला हे वेळापत्रक ठाऊक आहे तो अपात्रतेच्या नोटिशीनं घाबरत नाही. पाच वर्षांतली किती उरली आहेत, ते तो आधी मोजतो.

२००३ च्या ९१ व्या दुरुस्तीनं एक तृतीयांश फुटीची पळवाट बुजवली. तिनंच मंत्रिमंडळाला १५ टक्क्यांची मर्यादा घातली: २८८ च्या सभागृहात मुख्यमंत्र्यांसह ४३. शिवाय अपात्र ठरलेल्याला पुन्हा निवडून येईपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत मंत्री होता येत नाही. उरली ती विलीनीकरणाची तरतूद, दोन तृतीयांशांची. गोव्यात ती दोनदा वापरली गेली. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १०, सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८. दुसऱ्या खेपेच्या आधी, त्याच वर्षी जानेवारीत, काँग्रेसच्या उमेदवारांना देवळात, क्रॉससमोर आणि दर्ग्यात नेऊन एकनिष्ठेची शपथ घ्यायला लावली होती. देवांनी काय ते बघून घ्यावं, पण दोन तृतीयांशांची अट आकडा मोठा करते, माणसाला अडवत नाही. एकट्यादुकट्या असंतुष्टाची आमदारकी जाते आणि गठ्ठ्यानं गेलेल्यांची राहते, ही या कायद्याची चाल पहिल्या दिवसापासून तशीच आहे.

राण्यांचा मार्ग वेगळा. माजी मुख्यमंत्री, विधानसभेतले विरोधी पक्षनेते, जुलै २००५ मध्ये सेनेतून हकालपट्टी. पक्षानं काढून टाकलं तरी दहाव्या परिशिष्टाच्या लेखी आमदार त्याच पक्षाचा राहतो, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये सांगून ठेवलं होतं. म्हणजे हकालपट्टी ही काही सुटका नव्हे. राण्यांनी आमदारकी सोडली, काँग्रेसचा पंजा घेतला आणि नोव्हेंबरमध्ये मालवणची पोटनिवडणूक मोठ्या फरकानं जिंकली. सेनेनं तिथे सगळी ताकद लावली होती. त्यांच्या मागोमाग राजीनामे देणाऱ्यांनाही आपापल्या मतदारसंघात पुन्हा मतं मागायला जावं लागलं. या तिन्हींत मला हा मार्ग सगळ्यात सरळ वाटतो. चिन्ह बदललं, माणूस तोच आहे, हवा असेल तर घ्या, असं मतदाराला विचारलं तरी जातं.

या मार्गाचं तंत्र तारखांचं आहे. राजीनामा अध्यक्षांच्या नावे, स्वतःच्या सहीचा. तो आपखुशीनं आणि खरा दिलाय याची खात्री झाल्यावरच अध्यक्षांनी स्वीकारायचा, ही अट १९७४ च्या ३३ व्या घटनादुरुस्तीची, कारण आमदारांना घेराव घालून राजीनामे लिहून घेतले जात होते. कारणांची लांबलचक पत्रं लिहू नयेत, एक वाक्य पुरतं. कारण लिहिलं की दबावाचा वास काढायला जागा मिळते. जागा रिकामी झाली की सहा महिन्यांत पोटनिवडणूक, पण मुदत एका वर्षाहून कमी उरली असेल तर ती होत नाही. म्हणून पाचव्या वर्षातल्या राजीनाम्याला काही किंमत मोजावी लागत नाही: आमदार नसतानाही सहा महिने मंत्री राहता येतं आणि मध्ये मतदाराला तोंड द्यावं लागत नाही. विखे पाटील आणि जयदत्त क्षीरसागर यांचे जून २०१९ चे शपथविधी याच फटीतले. कर्नाटकात त्याच वर्षी फुटलेल्या सतरा आमदारांपैकी बहुतेकांनी राजीनामे दिले होते, तरी अध्यक्षांनी सगळ्यांना अपात्र ठरवून मुदत संपेपर्यंत निवडणूकबंदी घातली. न्यायालयानं अपात्रता ठेवली, बंदी उडवली. डिसेंबरात पंधरा जागांच्या पोटनिवडणुका झाल्या आणि भाजपला बारा मिळाल्या.

आता २०२२. सेनेचे ५५ आमदार होते, दोन तृतीयांश म्हणजे ३६.६७, म्हणून ३७. सुरत आणि गुवाहाटीच्या त्या दिवसांत सगळ्या वाहिन्या ३७ आकड्यावर डोळा लावून बसल्या होत्या. गंमत अशी की हा आकडा गाठूनही कायद्यानं संरक्षण मिळत नव्हतं, कारण विलीनीकरण म्हणजे दुसऱ्या पक्षात जाणं, आणि शिंदे गटाला कुठेच जायचं नव्हतं. त्यांचं म्हणणं होतं की आम्ही गेलोच नाही, आम्हीच शिवसेना. हा युक्तिवाद दहाव्या परिशिष्टाला वळसा घालून निवडणूक आयोगाच्या दारात जातो. १९६८ च्या चिन्ह आदेशाचा १५ वा परिच्छेद आयोगाला खरा पक्ष कोणता ते ठरवायचा अधिकार देतो. आयोगानं संघटनेतलं बहुमत बाजूला ठेवून विधिमंडळातलं धरलं: शिंद्यांसोबतच्या ४० आमदारांना मिळालेली मतं विजयी ५५ जणांच्या एकूण मतांच्या साधारण ७६ टक्के होती. १७ फेब्रुवारी २०२३ ला नाव आणि धनुष्यबाण त्यांना मिळाला. ११ मे २०२३ ला घटनापीठ म्हणालं की प्रतोद राजकीय पक्ष नेमतो, विधिमंडळ पक्ष नाही, आणि राज्यपालांनी बहुमत सिद्ध करायला सांगणं चुकीचं होतं. पण उद्धव ठाकऱ्यांनी चाचणीला सामोरं न जाता २९ जूनच्या रात्री राजीनामा दिल्यामुळे त्यांना परत बसवता येत नाही. अपात्रता अध्यक्षांनीच ठरवायची. अध्यक्षांनी ठरवलं की मूळ पक्षच शिंद्यांचा, सबब त्यांचा प्रतोद खरा, सबब कुणीच पक्षांतर केलं नाही. पक्षाची २०१८ ची घटना आयोगाच्या दफ्तरी नोंदलेली नव्हती म्हणून १९९९ ची धरली. एवढ्या मोठ्या फुटीत एकही आमदार अपात्र झाला नाही, ना या बाजूचा ना त्या.

त्या दिवसांतल्या दोन माणसांकडे नीट बघावं. धाराशिवचे कैलास पाटील ताफ्यातल्या गाडीतून गुजरातच्या हद्दीजवळ उतरले आणि रात्री पावसात पायी मागे फिरले. बाळापूरचे नितीन देशमुख सुरतेहून परतले. पक्ष, चिन्ह, सत्ता हातातून गेलेली असताना दोघंही २०२४ मध्ये ठाकऱ्यांच्या सेनेच्या मशाल चिन्हावर पुन्हा निवडून आले. आणि ‘काय झाडी, काय डोंगर’वाले शहाजीबापू पाटील, ज्यांचं वाक्य राज्यात पोरासोरांच्या तोंडी होतं, ते सांगोल्यात पडले. २०१९ ची त्यांची आघाडी हजाराच्या आतली होती, तिथे प्रसिद्धी कामाला येत नाही. माहीममध्ये सदा सरवणकर पडले, भायखळ्यात यामिनी जाधव. बाकी बहुतेक जण निवडून आले, शिंद्यांच्या पक्षाला ५७ जागा मिळाल्या.

‘पन्नास खोके’ची घोषणा विधानभवनाच्या पायऱ्यांवर घुमली, आणि तिचं खरंखोटं न्यायालयात ठरायचं ते ठरेल. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो उघड कागदावरचा पैसा. आमदाराचा स्थानिक विकास निधी वर्षाला पाच कोटी. मतदारसंघात शंभर गावं धरली तर गावाला पाच लाख, म्हणजे एखादी गल्ली काँक्रिटची झाली की संपलं. म्हणून आमदार झुरतो ते ग्रामविकास खात्याच्या ‘२५१५’ या लेखाशीर्षातल्या, म्हणजे खर्चाच्या सदरातल्या, कामांसाठी, जिल्हा नियोजन समितीतल्या वाट्यासाठी, पुरवणी मागण्यांत घुसवलेल्या रस्त्या-पुलांसाठी. हे सगळं पालकमंत्री आणि सरकारच्या मर्जीवर. सरकार बदललं की पहिलं परिपत्रक निघतं ते आधीच्यांनी मंजूर केलेल्या कामांना स्थगितीचं. साखर कारखाना असेल तर आणखी कळ: राष्ट्रीय सहकार विकास महामंडळाचं कर्ज हवं तर राज्याची थकहमी लागते, आणि ती कुठल्या कारखान्याला मिळाली, कुठल्याला नाही, ही यादी पक्षांच्या यादीशी ताडून बघावी. हंगामाच्या तोंडावर ऊसबिलं थकलेला अध्यक्ष-आमदार सत्तेत गेला तर त्याला तत्त्वं विचारणारे सभासद मी फार पाहिलेले नाहीत. ‘मतदारसंघाच्या विकासासाठी’ हे कारण हास्यास्पद म्हणून उडवलं जातं. ते अर्धवट आहे, पण खोटं नाही. लाज वाटायची तर ती विरोधी आमदाराचा तालुका सुकवता येतो या व्यवस्थेची वाटली पाहिजे.

आमदार तर गेला. तालुका त्याच्या मागे जातो का, हे मात्र मुंबईत ठरत नाही. २०२४ ला राज्यात एक लाखाहून जास्त मतदान केंद्रं होती, म्हणजे मतदारसंघामागे साधारण साडेतीनशे. प्रत्येक केंद्रावर नमुना १० वर सही करून एक प्रतिनिधी बसवावा लागतो. तो जागेवर असला तरच बोगस मत अडतं, दुपारी दोनला ‘आपली’ किती झाली ते कळतं आणि संध्याकाळी झालेल्या मतांची नोंद असलेल्या १७सी नमुन्याची प्रत हातात पडते. पक्ष बदललेल्या आमदाराची पहिली खरी परीक्षा म्हणजे या साडेतीनशे नावांची यादी पुन्हा वाचणं. कोणता शाखाप्रमुख आला, कुणी फोन बंद केला, कोण ‘साहेब, मी तुमचाच, पण गावात बोलता येत नाही’ म्हणाला. तिसऱ्या प्रकारचे सगळ्यात घातक, कारण ते यादीत राहतात आणि मतदानाच्या दिवशी शेतावर जातात. शिवसेनेसारख्या शाखांवर उभ्या संघटनेत आमदार गेला तरी शाखेचं लाकडी बाक तिथेच राहतं. भुजबळांना माझगावात तेच आडवं आलं. उलट काँग्रेस-राष्ट्रवादीच्या ग्रामीण मतदारसंघात तालुका म्हणजे सोसायट्या, दूध संघ, बाजार समिती, जिल्हा बँकेचा संचालक. ही माणसं पक्षाची नसून वाड्याची असतात. वाडा सरकला की तीही सरकतात.

पण नुसतं तेवढ्यावर विसंबलं तर अकोले होतं. १९८० पासून पिचडांचा म्हणून ओळखला जाणारा मतदारसंघ. वैभव पिचड २०१९ ला राष्ट्रवादी सोडून भाजपमध्ये गेले. संस्था सगळ्या सोबत होत्या. पण विरोधातल्यांनी आपापसात न लढता एकच उमेदवार दिला आणि डॉ. किरण लहामटे मोठ्या फरकानं निवडून आले. पक्षांतरित आमदाराचं गणित नेहमी ‘माझी मतं अधिक नव्या पक्षाची मतं’ असं मांडलं जातं. प्रत्यक्षात नव्या पक्षाची मतं म्हणजे ज्यांनी वीस वर्षं त्याच्याच विरोधात पोस्टर लावली ती माणसं. ती गप्प बसली तरी पुरे. बार्शीत दिलीप सोपल राष्ट्रवादीतून सेनेत गेले. युतीत जागा सेनेची, म्हणून त्यांचे जुने प्रतिस्पर्धी राजेंद्र राऊत अपक्ष उभे राहिले आणि जिंकले. २०२४ ला मशालीवर सोपल परत आले. त्याच २०१९ मध्ये साताऱ्यात शिवेंद्रराजे, ऐरोलीत गणेश नाईक, शिर्डीत विखे पाटील, सिल्लोडला अब्दुल सत्तार पक्ष बदलून निवडून आले. एकच लाट, निकाल दोन तऱ्हेचे. समोर लढत एकास एक झाली की तिरंगी, यानं बहुतेक ठिकाणी उत्तर मिळतं.

चिन्हाचाही मोठा भाग. वयस्क मतदार नाव वाचत नाही, चित्र शोधतो. नवं चिन्ह घरोघर पोचवायला सहा महिनेही अपुरे पडतात आणि सारखं दिसणारं चिन्ह शेजारी आलं तर कपाळमोक्ष. २०२४ च्या लोकसभेला साताऱ्यात ‘तुतारी’ नावाचं साधं चिन्ह घेतलेल्या अपक्षाला ३७ हजारांवर मतं पडली आणि शरद पवारांच्या पक्षाच्या ‘तुतारी वाजवणारा माणूस’ या चिन्हावरचे शशिकांत शिंदे ३३ हजारांच्या आत हरले.

अपवाद म्हणून कालिदास कोळंबकर घ्यावेत. १९९० पासून नायगावात सेनेकडून चारदा, राण्यांसोबत राजीनामा देऊन पोटनिवडणुकीत काँग्रेसकडून, मग वडाळ्यातून दोनदा काँग्रेस, दोनदा भाजप. नऊ विजय, तीन चिन्हं, पराभव शून्य. मुंबईतला छोटा, दाट, पायी फिरता येणारा भाग आणि कामासाठी दारात उभा असणारा माणूस. असा आमदार पक्षाला लागतो, त्याला पक्ष फारसा लागत नाही. पण राज्यात असे मोजून सापडतील आणि पक्ष सोडताना प्रत्येकाला आपण त्यांतलेच वाटतो.

आता उमेदवारीचा शेवटचा दिवस. एबी फॉर्म म्हणतात तो जोडकागद: ‘ए’मध्ये पक्षातर्फे कोण सही करणार ते, ‘बी’मध्ये उमेदवार कोण आणि तो बाद झाला तर पर्यायी कोण. दोन्ही दुपारी तीनच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोचले पाहिजेत आणि सही शाईची हवी. झेरॉक्स, फॅक्स, रबरी शिक्का चालत नाही. २०२४ ला ही तारीख २९ ऑक्टोबर होती. नव्यानं आलेल्या आमदाराला पक्ष हा फॉर्म आदल्या रात्रीपर्यंत देत नाही, त्याला कारण आहे: लवकर दिला तर स्थानिक निष्ठावंताला बंडासाठी, नाहीतर समोरच्या पक्षात जाऊन तिथला फॉर्म मिळवण्यासाठी वेळ मिळतो. म्हणून निष्ठावंताला तीनपर्यंत ‘तुझंही नाव चर्चेत आहे’ असं सांगत झुलवत ठेवायचं आणि मग अर्ज मागे घ्यायच्या मुदतीपर्यंत समजूत काढत बसायचं. मुरलेला निष्ठावंत अपक्ष अर्ज आधीच भरून ठेवतो. त्याला दहा प्रस्तावक लागतात, मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एकच. तेवढी धावपळ तो गुपचूप उरकून घेतो. अनामत दहा हजार, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना पाच.

या निष्ठावंताचं पुढे काय करायचं, हा प्रश्न पक्षांतर घडवणाऱ्या नेत्याला आमदार फोडण्यापेक्षा जड जातो. तीन-चारदा त्याच माणसाविरुद्ध लढून पडलेला, पदरचे पैसे घालवलेला, आणि आता त्याच माणसाचा हार स्वतःच्या हातानं घालणारा. त्याच्यासाठी महामंडळाचं अध्यक्षपद असतं, जिल्हा बँक असते, आणि सगळ्यात वर विधान परिषद. राज्यपाल नियुक्त बारा जागा कला, साहित्य, विज्ञान, सहकार आणि समाजसेवेतल्या लोकांसाठी आहेत. महाविकास आघाडीनं नोव्हेंबर २०२० मध्ये दिलेली बारा नावांची यादी राजभवनात तशीच पडून राहिली आणि महायुतीनं ऑक्टोबर २०२४ मध्ये, आचारसंहितेच्या तोंडावर, सात जणांना शपथ दिली. पाच जागा मोकळ्या ठेवल्या. विधानसभेचे अर्ज भरायला आठवडाच उरला होता आणि त्या पाच जागांचा शब्द किती तालुक्यांत दिला गेला असेल, ते तिकीट वाटणाऱ्यांनाच माहीत.